रात्री रोह्याचे डोळे चमकतात, मग रानडुकराचे का चमकत नाहीत?

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका, वर्धा)

सर्वांना जय गुरुदेव.

माझे वावर जंगलाला लागून आहे आणि यंदा त्यात उन्हाळी भुईमूग आहे. ओलिताची वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच मिळत असल्यामुळे पाणी देणे आणि जागल करणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत होतात. हातात टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरताना जनावरांचे डोळे मी जितके पाहिले आहेत, तितकी त्यांची अंगे पाहिलेली नाहीत. रोही, म्हणजे नीलगाय, कितीही दूर उभा असला तरी त्याचे डोळे दोन दिव्यांसारखे दिसतात. कुत्रा, मांजर, गोठ्यातले बैल, सगळ्यांचेच डोळे झोत पडताच उजळतात. एवढेच काय, ओल्या सरीत जमिनीलगत टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके चमकतात. ते मी बरेच दिवस पाण्याचे थेंब समजत होतो, पण एका रात्री त्यातला एक थेंब चालू लागला आणि वाकून पाहिले तर तो कोळी निघाला.

गेल्या आठवड्यात मात्र पंधरा-वीस पावलांवर एक रानडुक्कर भुईमूग उकरत होते. मी टॉर्च दोनदा त्याच्या अंगावरून फिरवली, तरी मला डोळा म्हणून काही दिसला नाही. घुरघुर ऐकू आली म्हणून थांबलो, नाहीतर सरळ त्याच्यावर जाऊन आदळलो असतो. सगळ्यांचे डोळे चमकतात, मग डुकराचेच का चमकत नाहीत, आणि चमक नसताना ते अंधारात एवढे बिनधास्त कसे फिरते, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी तीन गोष्टी विचारतो. माझ्या गवळाऊ जोडीतला एक बैल फार सावध आहे. मी त्याच्या मागे, शेपटीच्या जरा डावीकडे उभा राहून हळूच चुचकारले, तर त्याचे कान तत्क्षणी हलतात, पण मान तो कित्येकदा उजवीकडे वळवतो. ऐकू येते, मग बाजू का कळत नाही? दुसरे असे की, आमच्याकडे सगळे कास्तकार वावराभोवती जुन्या साड्या बांधतात आणि लाल साडीला जनावर अधिक भिते असे सांगतात, त्यात तथ्य आहे का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. माझी दहा महिन्यांची कालवड दिवसा नीट चालते, परंतु दिवेलागणीनंतर गव्हाणीला आणि खुंट्याला धडकते. डोळे तर तिचेही टॉर्चमध्ये चांगले चमकतात, म्हणून घरचे म्हणतात की डोळ्यांत काही दोष नाही, कालवडच अवखळ आहे.


निवृत्त पशुवैद्य (यवतमाळ)

आपण प्रश्न एक विचारला असला तरी त्यात डोळा आणि कान असे दोन अवयव आले आहेत, आणि माझ्या मते ते वेगळे काढून समजतच नाहीत. तरीही आधी चमकेपासून सुरुवात करतो.

डोळ्यात शिरलेला प्रकाश पारपटल, बाहुली आणि भिंग यांतून जाऊन मागच्या दृष्टिपटलावर पडतो. दृष्टिपटलातील पेशी त्यातला काही भाग टिपतात आणि उरलेला पलीकडे निसटतो. माणसाच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे गडद रंगद्रव्याचा थर असतो आणि निसटलेला प्रकाश तो गिळून टाकतो. गाय, म्हैस, शेळी, घोडा, हरिण, कुत्रा, मांजर, बिबट आणि वाघ यांच्या डोळ्यांत मात्र त्या जागी, मुख्यतः वरच्या अर्ध्या भागात, टॅपेटम नावाचा चकचकीत थर असतो. तो निसटलेला प्रकाश परत दृष्टिपटलाकडे पाठवतो आणि त्यामुळे त्याच प्रकाशाला टिपण्याची दुसरी संधी पेशींना मिळते. या दुसऱ्या फेरीतही जो प्रकाश कुणाच्या हाती लागत नाही, तो बाहुलीतून बाहेर येतो, आणि आपल्याला दिसणारी चमक तीच. हा थर वरच्या भागात असण्याचे कारण असे की भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते, म्हणजे पायाखालची काळोखी जमीन दृष्टिपटलाच्या वरच्या भागावर उमटते आणि अधिक उजेडाची गरज तिथेच असते.

शवविच्छेदनात मी बैलाचे डोळे अनेकदा उघडले आहेत. आतला मागचा भाग मोराच्या मानेसारखा निळा-हिरवा झळाळतो. नवखा विद्यार्थी तो पहिल्यांदा पाहून हमखास विचारतो की हा रंग कुणी भरला. वास्तविक त्यात रंगद्रव्य नसतेच. गाय, शेळी आणि घोडा यांच्यात हा थर कोलॅजनच्या अत्यंत बारीक, ओळीने रचलेल्या तंतूंचा असतो, आणि पंपाजवळच्या पाण्यावर सांडलेल्या डिझेलवर जसे रंग उमटतात तसे ते केवळ रचनेमुळे उमटतात. कुत्रा, मांजर आणि वाघ यांच्यात तंतूंऐवजी पेशींचे थर असून त्यांत प्रकाश परतवणाऱ्या सूक्ष्म कांड्या भरलेल्या असतात. रचना दोन प्रकारची, काम एकच.

डुकराच्या डोळ्यात हा थर नाही, मग ते पाळीव असो की रानटी. माकड, खार आणि माणूस यांच्याही डोळ्यात तो नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत माणसाचे डोळे लाल दिसतात, ती आतल्या रक्तवाहिन्यांची लाली असते. डुकराच्या डोळ्यातूनही फार तर अशीच मंद तांबूस झाक परत येते, तीही ते तुमच्याकडे नेमके पाहत असेल तर. उकरताना त्याचे तोंड मातीत असते, त्यामुळे तुम्हाला काहीच दिसले नाही यात नवल नाही. रात्री ते डोळ्यांवर फारसे विसंबून नसते. नाक आणि कान यांवर त्याचा कारभार चालतो, आणि कानांविषयी मी पुढे लिहीन.

टॅपेटम ही फुकटची देणगी नाही, हेही सांगायला हवे. परतलेला प्रकाश नेमका त्याच पेशीवर पडत नाही, किंचित बाजूला सांडतो, आणि त्यामुळे चित्र थोडे पुसट होते. ज्याला अंधारात हालचाल टिपायची आहे त्याला हा सौदा परवडतो, ज्याला झाडावरचे पिकलेले फळ अचूक हेरायचे आहे त्याला परवडत नाही.

आता एक उपयोगाची गोष्ट. ही चमक ज्या वाटेने प्रकाश गेला जवळजवळ त्याच वाटेने परतते, म्हणून टॉर्च कमरेजवळ धरली तर चमकेचा बराचसा भाग तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. टॉर्च कानशिलाजवळ धरा किंवा कपाळावर बांधायचा दिवा वापरा, म्हणजे आजवर न दिसलेले डोळेही दिसू लागतील. मात्र चमकेच्या रंगावरून जनावर ओळखण्याच्या गप्पांवर विश्वास ठेवू नका. तोच बैल मान वळवताच हिरव्याचा निळसर आणि मग पिवळट दिसतो. डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, दोन डोळ्यांतील अंतर आणि त्यांची हालचाल, या तीन खुणा रंगापेक्षा पुष्कळ खात्रीच्या आहेत.

कालवडीचे मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण त्याआधी मला आपल्याकडून थोडी माहिती हवी आहे. तिला गेल्या तीन-चार महिन्यांत काय खायला घातले, तेवढे कळवावे.


फळा आणि खडू (भंडारा जिल्हा)

डॉक्टरसाहेबांनी चमकेचा उलगडा केला आहे, म्हणून मी कोळी, साडी आणि बाहुली यांपुरते लिहितो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि डोळ्याचा धडा शेळीशिवाय शिकवत नाही.

सरीत चमकणारे ठिपके बहुधा लांडगा कोळ्याचे असावेत. तो जाळे विणत नाही, जमिनीवर धावून शिकार करतो. त्याला आठ डोळे असतात आणि त्यांतल्या काहींत परावर्तक थर असतो. सस्तन प्राण्यांशी नात्याचा काही संबंध नसताना निसर्गात हीच युक्ती तिथेही घडली आहे. रस्त्यावर बसून राहणाऱ्या रातवा पक्ष्याचे डोळेही मोटारसायकलच्या दिव्यात निखाऱ्यासारखे पेटतात, ते याच जातीच्या थरामुळे.

साडीविषयी. आपल्या दृष्टिपटलात अंधुक प्रकाशासाठी दंडपेशी आणि रंगांसाठी शंकुपेशी असतात. माणसात शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर आणि हरणांच्या ज्या जाती तपासल्या गेल्या, त्यांच्यात त्या दोनच प्रकारच्या आढळल्या आहेत. एक प्रकार निळ्याकडे झुकलेला, दुसरा हिरव्या-पिवळ्याकडे. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना जवळजवळ कळत नाही. रोही हा नावाने नीलगाय असला आणि दिसायला घोड्यासारखा वाटला तरी कुळाने गाय-शेळीचाच नातलग आहे, तेव्हा तुमची लाल साडी त्याला हिरव्या पिकापुढे फारशी वेगळी दिसत नसावी. जनावर बिचकते ते साडीच्या फडफडण्याला आणि तिच्या नवेपणाला. वारा पडला की निम्मा धाक जातो, आणि महिनाभर तीच साडी तिथेच राहिली की उरलेला निम्माही जातो. बांधायचीच असेल तर फिकट किंवा निळसर रंगाची, मोकळ्या पदराची बांधावी आणि तिची जागा बदलत राहावे.

यावरून एक गोष्ट आठवली. ताडोब्यात वाघ पाहिलेला प्रत्येक जण विचारतो की एवढा केशरी प्राणी चितळाला दिसत कसा नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने याच प्रश्नाचा अभ्यास केला. दोनच प्रकारच्या शंकुपेशी असलेल्या डोळ्याला वाघाचा केशरी रंग आजूबाजूच्या हिरव्यात मिसळून गेलेला दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याला वाघ भडक वाटतो, याचे कारण आपला डोळा आहे.

आता बाहुली. उद्या सकाळी उजेडात शेळीसमोर बसा. तिची बाहुली आडवी, पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी दिसेल. तिने चरायला मान खाली घातली की बाहुली उभी व्हायला हवी, कारण डोकेच नव्वद अंशांच्या आसपास फिरलेले असते. पण ती तशी होत नाही. डोळा खोबणीत उलट फिरतो आणि बाहुली जमिनीला जवळजवळ समांतर राहते. अमेरिकेतील बर्कले येथील संशोधक मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जमिनीवरील २१४ जातींच्या बाहुल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे फिरणे ५० अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक असल्याचे नोंदले आहे. आडव्या फटीमुळे दोन्ही बाजूंची आणि मागची जमीन एका पट्ट्यात स्पष्ट दिसते, वरून येणारे ऊन मात्र कमी शिरते. मान खाली असतानाच धोका अधिक असतो, म्हणून ती पट्टी त्याच वेळी सरळ राहणे गरजेचे आहे.

दबा धरून झडप घालणाऱ्या लहान प्राण्यांची गोष्ट निराळी. मांजर आणि खोकड यांची बाहुली उभी फट असते, कारण झडप घालण्याआधी अंतराचा अंदाज नेमका लागावा लागतो आणि जमिनीजवळच्या डोळ्याला उभ्या फटीने तो अधिक चांगला लागतो. वाघ आणि बिबट हेही दबाच धरतात, पण त्यांची बाहुली गोल असते. त्या अभ्यासात उभ्या बाहुलीचे बहुतेक शिकारी खांद्याजवळ ४२ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे निघाले. उंच प्राण्याला त्या युक्तीचा लाभ कमी मिळतो.

जाता जाता एक इशारा द्यावासा वाटतो. उभ्या बाहुलीचा साप विषारी, असे आमच्या भागात ठामपणे सांगितले जाते. घोणसाची बाहुली उभी असते हे खरे, परंतु नागाची गोल असते आणि बिनविषारी अजगराची उभी. सापाच्या डोळ्यात डोळा घालून पाहण्याइतके जवळ कुणी जाऊच नये.


धुऱ्यावरचा

दोघांचेही आभार. काल कपाळावरचा दिवा बांधून फेरी मारली आणि पलीकडच्या धुऱ्याला तुराट्यांच्या ढिगाआड दोन ससे दिसले, जे हातातल्या टॉर्चने मला कधीच दिसले नव्हते. शेळीचेही पाहिले. मान खाली गेली तरी फट आडवीच राहते, मात्र तिच्या काठाला काळ्या दाण्यांसारखे काहीतरी लोंबते आहे. तो रोग तर नाही ना?

कालवडीविषयी विचारलेत. पौषापासून तिला सोयाबीनचे कुटार आणि गेल्या वर्षीचा कडबा एवढेच मिळाले आहे. ढेप दुभत्या गाईला घालतो, तिला नाही. हिरवे म्हणाल तर माघापासून दृष्टीस पडलेले नाही.


निवृत्त पशुवैद्य (यवतमाळ)

ते काळे दाणे रोग नाहीत. शेळी, गाय आणि घोडा यांच्या बुबुळाच्या काठावर ते जन्मतः असतात, आणि कपाळावर आडवा हात धरून आपण जशी सावली करतो तशी ते बाहुलीवर सावली धरतात. एका गृहस्थाने ते दाणे खरवडून काढण्यासाठी माझ्याकडे शेळी आणली होती, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आता कानाकडे येतो, कारण बैलाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे आणि ते उत्तर अर्धे डोळ्यात आहे.

कानाची बाहेरची पाळी ही ध्वनी गोळा करणारी सुपली आहे. ध्वनी नळीतून पडद्यावर आदळतो, पडद्याला लागून असलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ती थरथर पुढे नेतात, आणि आतल्या कानातील गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत द्रवाच्या लाटांतून ती मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. ही मांडणी तुमच्यात, बैलात आणि मांजरीत सारखीच आहे. फरक पल्ल्यात आणि पाळीच्या हालचालीत आहे. माणूस सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. हेन्री आणि रिकी हेफनर या अमेरिकेतील संशोधक दांपत्याने १९८३ मध्ये गाईंचे श्रवण मोजले, तेव्हा त्यांचा पल्ला सुमारे २३ ते ३५,००० हर्ट्झ इतका आढळला, आणि ८,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यांना सर्वांत चांगला ऐकू येत होता. माणसाचे बोलणे त्याच्या बरेच खाली असते. लोखंडी फाटकाची किणकिण, बादलीचा खणखणाट, तोंडाने घातलेली शीळ, हे आवाज गोठ्यात आपल्याला वाटतात त्याहून कर्कश असतात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या रांगेपुढे भोंगे लावणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते हसतात.

म्हणजे बैलाला ऐकू येण्यात काहीच उणे नाही, उणे आहे ते दिशा ठरवण्यात. आवाज एका कानात दुसऱ्याच्या किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो, त्या फरकावरून मेंदू बाजू ठरवतो. डोके जितके रुंद तितका हा फरक मोठा, म्हणून बैल आपल्याहून सरस ठरायला हवा. प्रत्यक्षात उलटे आहे. समोरच्या आवाजाच्या दिशेत सुमारे १ अंशाचा फरक माणसाला ओळखता येतो, कुत्र्याला ८ अंशांच्या आसपास आणि शेळीला १८. घोड्याला २५ लागतात आणि गाईला ३०. तुम्ही शेपटीच्या जरासेच डावीकडे होतात. बैलाच्या दृष्टीने तो आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे ठरवण्याइतका बाजूला नव्हताच.

असे का असावे, याचे हेफनर यांनी दिलेले उत्तर मला फार पटते. कानाचे एक मोठे काम म्हणजे डोळ्याला कुठे पाहायचे ते सांगणे. माणसाच्या दृष्टिपटलावर स्पष्ट दिसणारी जागा अगदी लहान आहे, म्हणून तिला नेमके वळवण्यासाठी कानही नेमका लागतो. गाईच्या दृष्टिपटलावर मात्र दाट पेशींचा एक आडवा पट्टा पसरलेला आहे. डोके न हलवता ती सुमारे ३३० अंशांपर्यंत पाहते, आणि क्षितिजाचा मोठा भाग तिला आधीच बऱ्यापैकी दिसत असतो. अशा डोळ्याला कानाने ‘तिकडे काहीतरी आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. गुरुजींनी सांगितलेली आडवी बाहुली, हा आडवा पट्टा आणि हा ढोबळ कान, या तिन्ही गोष्टी एकाच गरजेतून आल्या आहेत. उरला तो शेपटीमागचा चिंचोळा भाग, जिथे डोळा पोहोचत नाही आणि कानही नीट सांगत नाही. लाथ बसते ती तिथेच. म्हणून बैलाकडे तिरक्या बाजूने, बोलत बोलत जावे.

आणि तुमचे रानडुक्कर? पाळीव डुकरांवर घेतलेल्या चाचण्यांत त्यांना ५ अंशांच्या आसपासचा फरक ओळखता आला, म्हणजे बैलापेक्षा कितीतरी नेमका. ज्याचा डोळा चमकत नाही, त्याला तुमची चप्पल कुठे वाजली ते बैलाहून पक्के कळते.


कोठारातली (अचलपूर तालुका, अमरावती)

डॉक्टरकाका, कान हा डोळ्याचा वाटाड्या आहे हे वाचून आनंद झाला, पण आमच्या माळ्यावर एक पाहुणी आहे जिच्याबाबतीत कान एकटाच पुरेसा ठरतो. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. सासूबाईंना ती अशुभ वाटत असे, परंतु ज्वारीच्या पोत्यांना उंदीर लागायचे कमी झाल्यापासून त्या काही बोलत नाहीत.

या घुबडाच्या कानांची दोन छिद्रे एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते. त्यामुळे डावे-उजवे तर वेळेच्या फरकावरून कळतेच, शिवाय आवाज वरून आला की खालून हेही दोन कानांतील मोठेपणाच्या फरकावरून कळते. त्याचा पानाच्या आकाराचा पांढरा चेहरा म्हणजे पिसांची बनलेली कानाची पाळीच आहे. कॅलिफोर्नियातील मासाकाझू कोनिशी यांनी या पक्ष्याच्या श्रवणावर दीर्घ काळ काम केले, आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीतही ते केवळ आवाजावर उंदीर पकडते हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. त्याचे डोळे नळीसारखे असून खोबणीत फिरत नाहीत, म्हणून त्याला मानच फिरवावी लागते, ती २७० अंशांपर्यंत फिरते. काही घुबडांच्या डोक्यावर शिंगांसारखे तुरे असतात, ते कान नव्हेत, नुसती पिसे आहेत.

दादा, रात्री तुमच्या धुऱ्यावर किर्र करणाऱ्या रातकिड्याचा कान कुठे असतो माहीत आहे का? पुढच्या पायावर, गुडघ्याच्या खाली. माझ्या मुलीला हे सांगितले तर तिने भिंग घेऊन तासभर एका रातकिड्याचा पिच्छा पुरवला आणि पायावरचा तो इवलासा पडदा शोधून काढला.


निवृत्त पशुवैद्य (यवतमाळ)

ताई, आपली हरकत मान्य आहे. घुबडापुढे माझे वाक्य तोकडे पडते.

आता कालवड. मला जी शंका होती ती आपल्या चाऱ्याच्या माहितीने वाढली आहे. दंडपेशींमध्ये ऱ्होडोप्सिन नावाचे द्रव्य असते, अंधुक प्रकाश टिपणारे तेच, आणि ते तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. जनावराला ते हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून मिळते. कुटारात आणि जुन्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या कडब्यात कॅरोटीन जवळजवळ उरलेले नसते. यकृतात साठा असतो, परंतु वाढत्या वासराचा तो काही महिन्यांत संपतो. पहिली खूण रातांधळेपणाची, तीच आपण सांगितली आहे.

घरच्यांना कृपया सांगा की चमक म्हणजे दृष्टी नव्हे. टॅपेटम हा आरसा आहे, तो प्रकाश परतवतो, पाहत नाही. पाहणाऱ्या पेशी त्याच्या पुढे आहेत आणि त्या उपाशी असल्या तरी आरसा चमकतच राहतो. उलट ज्याची दृष्टी गेली आहे त्या जनावराची बाहुली पुष्कळदा सताड उघडी राहते आणि डोळा भर दिवसाही चमकताना दिसतो, तो अधिक वाईट प्रकार.

घरी एक परीक्षा करता येईल. डोळ्यासमोर हात हलवून पाहू नका, कारण हाताचा वारा लागूनही जनावर पापणी मिटते आणि आपली फसगत होते. कापसाचा बोळा घ्या आणि तिच्या समोर, हातभर अंतरावरून, वरून खाली सोडा. कापूस पडताना आवाज करत नाही, वाराही घालत नाही आणि त्याला वासही फारसा नसतो, त्यामुळे कान, कातडी आणि नाक यांची साक्ष बाद होते आणि फक्त डोळा उरतो. डोळे किंवा मान बोळ्यामागे गेली तर दिसते आहे. हे एकदा दिवसा करा आणि एकदा दिवेलागणीनंतर, गोठ्यातला दिवा मालवून, पण तुम्हाला स्वतःला बोळा जेमतेम दिसेल इतपत उजेडात.

निकाल काहीही येवो, तालुक्याच्या पशुवैद्यकांना बोलवा. अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन किती द्यायचे ते तिचे वजन पाहून तेच ठरवतील, आणि डोळ्यातले जंत किंवा दुसरा एखादा आजार नाही याचीही खात्री करतील. पंपाला पाणी आहे तोवर चार वाफे हिरवा मका किंवा लसूणघास टाका, तोवर शेवग्याचा पाला चालेल. उशीर करू नका. वाढत्या वासरात हीच उणीव लांबली तर डोळ्याची नस कवटीतून ज्या छिद्रातून जाते, ते हाडाचे छिद्रच अरुंद होते आणि नस दाबली जाते. रातांधळेपणा भरून येतो, दाबलेली नस भरून येत नाही.


धुऱ्यावरचा

आज कापसाचा बोळा सोडून पाहिला. दुपारी तिने तो जमिनीवर पडेपर्यंत पाहिला आणि मग चाटायला तोंडही पुढे केले. दिवेलागणीनंतर अंगणातल्या अंधुक उजेडात तीनदा सोडला. शेजारच्या गोऱ्ह्याने तिन्ही वेळा मान खाली केली, ती मात्र सरळ समोर पाहत उभी होती, आणि तिसऱ्या वेळी बोळा तिच्या नाकपुडीला लागला तेव्हा दचकून मागे सरली. कपाळावरचा दिवा लावला तेव्हा डोळे दोघांचेही सारखेच हिरवे चमकत होते.

डॉक्टर उद्या सकाळी येतो म्हणाले आहेत. शेवग्याचा पाला आजच तोडून घातला.